सतराव्या वर्षी लाइनमन ओळखायचा कसा?

मेंडोटाकाठी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर इथे अधूनमधून गप्पा होतात, पण त्या क्वार्टरबॅकपाशी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूपाशी, सुरू होऊन तिथेच संपतात. आज त्याच्यापुढे वाकून उभ्या राहणाऱ्या पाच जणांबद्दल लिहितोय. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, कडांना टॅकल. समोरून येणारा अडवायचा, नाहीतर त्याला बाजूला रेटून मागच्याला पळायला वाट करून द्यायची, एवढंच काम. टीव्हीवर यांचं नाव घेतलं जातं ते बहुधा दंड बसल्यावर.

२००६ साली मी मॅडिसनला, विस्कॉन्सिन विद्यापीठात, शिकायला आलो. या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. कॅम्प रँडल स्टेडियममध्ये शेजारी बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं, चेंडूकडे बघू नकोस, डाव्या टॅकलकडे बघ. तो जो थॉमस होता, मिलवॉकीजवळच्या ब्रुकफील्डचा. त्याच वर्षीच्या जानेवारीत, आधीच्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, माणसं कमी पडली म्हणून त्याला बचावाच्या फळीत उभं केलं होतं आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता. तो गुडघा घेऊन त्याने त्या हंगामात लाइनमनसाठीची आउटलंड ट्रॉफी मिळवली. २००७ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ कॉलेजातली मुलं क्रमाने निवडतात, तो) तिसरा, पुढे क्लीव्हलंडकडून एकही न चुकवता सलग १०,३६३ स्नॅप (सेंटरने चेंडू मागे दिला की एक स्नॅप), आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेम.

पण थॉमसकडून लोकांच्या अपेक्षा होत्याच. मला जास्त ओढ आहे ती दुसऱ्या दोघांची. मार्क टाउशर हा ऑबर्नडेल नावाच्या छोट्या गावातला. स्कॉलरशिप नव्हती, वॉक-ऑन म्हणून आला, म्हणजे फी स्वतः भरून संघात. १९९९ मध्ये उजवा टॅकल झाला. त्याच वर्षी रॉन डेनने चेंडू घेऊन पळण्याचा विक्रम केला, तो या फळीच्या मागून. ड्राफ्टच्या सातव्या म्हणजे शेवटच्या फेरीत ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघाने घेतला आणि तिथे तो अकरा हंगाम टिकला. दुसरा रायन रॅमचिक. शाळेनंतर फुटबॉल सोडून वेल्डिंग शिकायला गेला होता. मग गावातल्याच स्टीव्हन्स पॉइंटच्या तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात खेळला, तिथून मॅडिसनला आला, नियमाप्रमाणे एक वर्ष बाहेर बसला, २०१६ चा एकच हंगाम खेळला आणि पहिल्या फेरीत गेला.

या दोघांना सतराव्या वर्षी ज्यांनी पाहिलं त्यांना दोष देत नाही. लाइनमन त्या वयात दिसतच नाही. धावणारा मुलगा सतराव्या वर्षी वेगवान असतो किंवा नसतो. सहा फूट पाच इंचांचा २४० पौंडांचा पोरगा मात्र अजून अर्धा कच्चा असतो. त्याला २० व्या वर्षी ३०५ पौंडांचा व्हायचंय, आणि ते वजन अंगावर घेऊनही पाय तितकेच हलके ठेवायचेत. हे जमणार की नाही ते तीन वर्षांनी कळतं. तीन वर्षं कोणीतरी थांबावं लागतं.

आणि थांबणारेच कमी होत चाललेत असं मला वाटतं. २०२१ पासून खेळाडूला एकदा वर्ष न गमावता कॉलेज बदलता येऊ लागलं, २०२४ पासून कितीही वेळा. २०२१ च्या जुलैपासून जाहिराती वगैरेंतून स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभा आली. २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली, आणि संघात १०५ च खेळाडू ठेवायची मर्यादा आली. पूर्वी स्कॉलरशिप ८५ असायच्या, पण वॉक-ऑन धरून संघ १२० च्याही वर जायचे. आजच्या १०५ मध्ये टाउशरला कोणी जागा दिली असती का? तुमचं मत हवंय.

शुभदा_के

मी पुण्यात. मुलगा टेक्सासला असतो म्हणून मॅच बघायला शिकतेय. एक साधा प्रश्न. धडधाकट माणूस समोरच्याला ढकलतोय, यात शिकवण्यासारखं तीन वर्षांचं काय असतं? खरंच विचारतेय.

मेंडोटाकाठी

शुभदाताई, चांगला प्रश्न. दोन कामं आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. धाव असेल तेव्हा पुढे घुसायचं, पास असेल तेव्हा मागे सरकत जायचं, आणि मागे सरकताना समोरून २६० पौंडांचा, तुमच्यापेक्षा वेगवान माणूस येतोय. टॅकल मागे जातो तो तिरक्या, आखूड पावलांनी. दोन्ही पाय एकत्र आले की गेला. हात लवकर टाकले तर समोरचा ते झटकून आत शिरतो, उशिरा टाकले तर छातीवर येतो. ढुंगण खाली, पाठ सरळ, गुडघ्यातून वाकायचं. कंबरेतून वाकला की तोल पुढे गेला. शाळेत तो सगळ्यांपेक्षा मोठा असतो, त्यामुळे वाकायची गरजच पडलेली नसते. कॉलेजात पहिलं वर्ष ती सवय मोडण्यातच जातं.

त्यावर डोक्याचं काम आहे. चेंडू टाकण्याआधी सेंटर समोरची मांडणी वाचतो, मधला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू) कोण ते ओरडून सांगतो, आणि पाचही जणांची वाटणी त्यावरून ठरते. समोरचे दोघे आयत्या वेळी जागा अदलाबदल करतात, तेव्हा गार्ड आणि टॅकल यांनी आपापला माणूस न बोलता एकमेकांकडे सोपवायचा. चौघांनी बरोबर केलं आणि एकाने चुकीचा माणूस धरला, तर क्वार्टरबॅक आडवा. म्हणूनच २०१५ पासून जो मूर अवॉर्ड सुरू झालं, ते एका खेळाडूला न देता अख्ख्या फळीला देतात.

शुभदा_के

कबड्डीतली साखळी! मी शाळेत असताना डावा कोपरा खेळायचे. कोपऱ्याने पाय धरायचा आणि त्याच क्षणी कव्हरने अंगावर यायचं. शेजारची बदलली की महिनाभर सगळं विस्कटायचं. आता समजलं.

करवीरकर

फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, कोल्हापुरात बसून यूट्यूबवर बघतो तेवढंच. पण ताई, "नुसतं ढकलणं" म्हणू नका. वरचं सगळं वाचताना आमच्या तालमीतला हौद डोळ्यांपुढे आला.

कुस्तीत जो खाली शिरला त्याचं निम्मं काम झालं. पटात शिरायचं तर गुडघा वाकला पाहिजे, कंबर नव्हे, आमचे वस्ताद हेच सांगायचे. नवीन पोरगं आलं की पहिले सहा महिने त्याला कुस्ती द्यायचे नाहीत. माती उकरायची, जोर, बैठका, आणि थोरल्यांना अंग रगडून द्यायचं. उंचापुरा मुलगा आला की आईबापाला वाटायचं, दोन वर्षांत फड मारणार. वस्ताद मनगट बघायचे, पायाचे पंजे बघायचे, आणि बाप सोडून मामा किती उंच आहे ते विचारायचे. पोरगं अजून किती वाढणार हे त्यावरून ठरवायचे. घाईने वजन वाढवलेला पैलवान चढाला लागला की कळतो, दम निघतो.

मला विचारायचंय ते हे. तिकडे पोरं कुस्ती खेळतात का? खेळत असतील तर लाइनीवर माणूस घेताना तीच बघायला हवीत.

आयोवाची_आई

करवीरकर दादा, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. आम्ही आयोवात राहतो, इथे कुस्ती गावोगावी आहे. आयोवा विद्यापीठाचे कर्क फेरेंट्झ १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत, मूळचे ते लाइनीचेच प्रशिक्षक. त्यांच्या हातून गेलेल्या लाइनमनमध्ये पैलवान भरपूर. माउंट व्हर्ननचा ट्रिस्टन वर्फ्स कुस्ती करायचा, गोळा आणि थाळी फेकायचा, २०२० ला ड्राफ्टमध्ये तेरावा गेला. त्याआधीच्या चाचणीत त्याने जागेवरून साडेछत्तीस इंच उडी मारली होती, लाइनमनमध्ये तो विक्रम होता. आणि शाळेत असताना त्याला कुस्तीत हरवलं होतं शेजारच्या सोलन गावच्या, वजनाने हलक्या टायलर लिंडरबॉमने. लिंडरबॉम आयोवाला बचावासाठी आला होता, त्यांनी त्याला सेंटर केला. २०२१ ची सर्वोत्तम सेंटरची रिमिंग्टन ट्रॉफी त्याची. रॉबर्ट गॅलरी टाइट एंड (लाइनीच्या कडेला राहून पासही झेलणारा) म्हणून आला होता, ब्रँडन शेर्फ शाळेत असताना क्वार्टरबॅक खेळलेला होता. दोघांनाही नंतर लाइनीवर आणलं, दोघेही आउटलंड जिंकले.

हे सगळं मला तोंडपाठ असायचं कारण घरात आहे. माझा धाकटा सोळा वर्षांचा, सहा फूट चार इंच, २३५ पौंड. त्याचे बाबा साताऱ्याकडचे, त्यांच्या घरात सगळेच उंच. शाळेकडून डावा टॅकल खेळतो, हिवाळ्यात कुस्ती. मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका मोठ्या विद्यापीठाच्या शिबिराला गेलो. नाव लिहीत नाही. सकाळी उंची, वजन आणि हाताची लांबी मोजली. टॅकलला ३४ इंच हात लागतो असं म्हणतात, याचा साडेबत्तीस भरला. त्यानंतर दिवसभरात त्याच्याशी कोणीही एक वाक्य बोललं नाही. उन्हात सगळे व्यायाम केले, एकाला दोनदा आडवं केलं, तरी कोणी जवळ आलं नाही. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, "आई, हात वाढतात का?" मला रस्ताभर काही सुचलं नाही.

घरातल्या खुराकाबद्दलही लिहायला हवं, कारण घडवणं घडवणं म्हणतात त्यातलं निम्मं स्वयंपाकघरात होतं. सकाळी सहा अंडी, दूध, केळी. डब्यात चिकन आणि भात. शाळेतून आल्यावर मुगाची उसळ आणि चार पोळ्या, आणि रात्री पुन्हा पूर्ण जेवण. शाळेच्या वेट-रूममधले सर म्हणतात, वर्षाला पंधरा पौंडांपेक्षा जास्त नको, नाहीतर चरबी येईल आणि गुडघ्यांवर भार पडेल. मला भीती पुढची वाटते. २३५ चे ३०० करायचे, आणि खेळ संपला की ते उतरवायचे. जो थॉमसने निवृत्तीनंतर पन्नासेक पौंड उतरवले, त्याला ते जमलं. सगळ्यांना जमत नाही.

अटलांटाकर_प्रसाद

थोडं उलट बोलतो, रागावू नका.

वेल्डर, वॉक-ऑन, छोटं गाव, या कथा मलाही आवडतात. पण आपल्याला रॅमचिक आठवतो तो रॅमचिक झाला म्हणून. शाळेतल्या खेळाडूंना भरतीआधी तारे देतात, त्यात पाच तारे मिळणारी मुलं देशभरात सगळ्या जागा धरून वर्षाला साधारण ३०-३५. तीन तारेवाली हजाराच्या वर. त्या हजारांतून दहा पुढे आले की आपण म्हणतो, ताऱ्यांना अर्थ नाही. पाच तारेवाल्यांत प्रमाण किती मोठं आहे ते बघा. अलाबामाचा एव्हन नील, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये सातवा. आमच्या जॉर्जियाचा ब्रॉडरिक जोन्स, २०२३ ला चौदावा. अमेरियस मिम्सने कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त आठ, तरी २०२४ ला अठरावा. सहा फूट आठ इंच आणि ३४० पौंड हे कोणत्याही वस्तादाला घडवता येत नाही, ते आईच्या पोटातून येतं. आणि जॉर्जियात घडवत नाहीत असंही नाही. जोन्सला पहिल्या वर्षी बसवूनच ठेवलं होतं.

कॉलेज बदलायच्या पोर्टलबद्दलही सगळं वाईट नाही. ओलुसेगुन ओलुवाटिमी एअर फोर्समधून व्हर्जिनियाला आणि तिथून २०२२ ला मिशिगनला आला. एका वर्षात रिमिंग्टन आणि आउटलंड दोन्ही जिंकला, आणि मिशिगनच्या फळीला सलग दुसऱ्यांदा जो मूर अवॉर्ड मिळालं. सेंटर म्हणजे फळीचं डोकं, आणि ते बाहेरून आलेलं होतं. साखळी विस्कटते हा नियम तिथे कुठे गेला?

मेंडोटाकाठी

प्रसाद, प्रमाणाचा मुद्दा मान्य. मी लिहिताना तो डावलला होता, चूक माझी.

ओलुवाटिमीचं मात्र वेगळं बघतो. मिशिगनला आला तेव्हा तो कच्चा नव्हता. व्हर्जिनियात तीन हंगाम सेंटर खेळला होता, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी तो घडवला होता. पोर्टल तयार माणूस हलवतं, तयार करत नाही. सगळेच तयार माणूस शोधायला लागले तर पहिली तीन वर्षं कोण देणार? मिड-अमेरिकन गटातल्या किंवा त्याहून लहान संघांचे प्रशिक्षक ती देतात आणि चौथ्या वर्षी मुलगा मोठ्या संघात जातो. मुलाला पैसे मिळतात, ते त्याचे हक्काचेच आहेत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ज्या प्रशिक्षकाने त्याला वाकायला शिकवलं त्याच्याकडे पुढच्या वर्षी शिकवायला कारण काय उरलं?

घडवण्याची घडी किती लवकर मोडते ते मी माझ्याच गावात पाहिलं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुख्य प्रशिक्षक पॉल क्रिस्टना काढलं. नवे मुख्य प्रशिक्षक आले, त्यांनी पास जास्त फेकणारी पद्धत आणली. तिच्यात लाइनमन वेगळा लागतो, लांब अंतर राखून मागे सरकणारा. आधीची मुलं खाली वाकून रेटायला शिकलेली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ती पद्धत आणणाऱ्या सहायकालाही काढलं. त्या हंगामात विस्कॉन्सिन ५ जिंकले, ७ हरले, आणि सलग २२ वर्षं हंगामानंतरचा मानाचा 'बोल' सामना खेळायची परंपरा तुटली. शेवटच्या घरच्या सामन्याला मी तिथे होतो. तिसऱ्या प्रयत्नात (डाउनला) एक यार्ड हवा होता आणि तो मिळाला नाही. पूर्वी तो एक यार्ड आम्ही गृहीत धरायचो.

नाना_डिमॉइन

कोणी केडिन प्रॉक्टरचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. आमच्या डिमॉइनच्या अंगणातला मुलगा. पाच तारे, टॅकल, आयोवाला येणार म्हणून शब्द दिलेला. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सहीच्या तोंडावर अलाबामाला गेला. तिथे पहिल्याच वर्षी डाव्या टॅकलला खेळला आणि क्वार्टरबॅक त्याच्या बाजूने बरेचदा आडवा झाला. जानेवारी २०२४ ला आयोवाला परत आला, इकडे आनंदीआनंद. मार्चमध्ये पुन्हा अलाबामाला. इथले लोक त्याला फार वाईट बोलले, मला ते आवडलं नाही. १८-१९ वर्षांचं पोर आहे. पण प्रसाद, पाच तारे असून पहिलं वर्ष त्याला जड गेलं आणि पुढच्या हंगामात तो खूप सुधारलेला दिसला. म्हणजे वेळ त्यालाही लागलाच.

२०२४ चं जो मूर अवॉर्ड कोणाला मिळालं माहीत आहे ना? आर्मीला. वेस्ट पॉइंटच्या कॅडेटांना. तिथे पोर्टलमधून तयार माणूस आणायची जवळजवळ सोय नाही, नावावर पैसे नाहीत, पदवीनंतर लष्कराच्या वजनाच्या मापात बसावं लागतं म्हणून अवाढव्य मुलं घेता येत नाहीत. तीच मुलं एकत्र राहतात, एकत्र जेवतात, वर्षानुवर्षं शेजारी शेजारी उभी राहतात. १२ सामने जिंकले आणि कॉन्फरन्सही, म्हणजे आपल्या गटाचं विजेतेपदही, जिंकलं.

अटलांटाकर_प्रसाद

आर्मीचं उदाहरण जोरदार आहे. मात्र ते पास क्वचित फेकतात, त्यामुळे त्यांच्या लाइनीला मागे सरकायचं अवघड काम कमी पडतं. तरीही, पाच जणांचं एका वेळी निघणारं पहिलं पाऊल बघायचं असेल तर तेच सामने बघावेत, हे कबूल.

आयोवाच्या ताई, तुमच्या मुलाबद्दल एक सांगतो. साडेबत्तीस इंच हात टॅकलला कमी असेल, पण गार्ड आणि सेंटरला तो अडत नाही. लिंडरबॉमचे हात तुमच्या मुलापेक्षाही आखूड होते. त्याला आतापासून चेंडू मागे टाकायचा सराव करू दे. शिबिरात कोणी विचारलं तर "सेंटरही खेळतो" म्हणता येईल.

करवीरकर

आणि कुस्ती सोडू देऊ नका. फुटबॉलवाले उन्हाळी शिबिरं लावून पोरांची माती सोडवतात असं ऐकतो.

आयोवाची_आई

आज बऱ्याच दिवसांनी लिहितेय. प्रसाद, तुमचं वाचून त्याच्या बाबांनी गॅरेजमध्ये रोज पन्नास स्नॅप सुरू केलेत. बाबा क्वार्टरबॅक होतात, बोटं सुजलीत.

दुसरं म्हणजे, इथल्याच एका लहान कॉलेजचे लाइनीचे प्रशिक्षक गेल्या आठवड्यात शाळेत आले होते. फुटबॉलचा व्हिडिओ त्यांनी मागितलाच नाही, कुस्तीचं वेळापत्रक मागितलं. मग मला फोन केला. तारे, पैसे यातलं काही बोलले नाहीत. अभ्यास कसा आहे, झोप किती तास, दुखलं तर सांगतो की लपवतो, आणि करवीरकर दादा, खरंच सांगते, त्यांनी विचारलं, तुमचे भाऊ किती उंच आहेत? मी म्हटलं, सहा फूट तीन, आणि तो विसाव्या वर्षापर्यंत वाढत होता. पलीकडे थोडा वेळ शांतता, बहुतेक लिहून घेत होते.

मी विचारलं, तुमच्याकडे पहिलं वर्ष तो खेळेल का? म्हणाले, नाही, दुसरंही कदाचित नाही. मी विचारलं, तुम्ही चार वर्षं तिथे असाल का? त्यावर ते म्हणाले की एकविसावं वर्ष चालू आहे, मुलं इथेच वाढली.

गुरुवारी कुस्ती बघायला येणार आहेत, नंतर आमच्याकडे जेवायला. मुलाला सांगितलं तर म्हणाला, आई, त्या दिवशी माझं वजन भरायचंय, साधं काहीतरी कर.

करवीरकर

वजन होईपर्यंत पोटभर नको. वजन झालं की कुस्तीआधी दोन तास राखून मऊ वरण-भात आणि वर तूप. पाहुण्यांसाठी तांबडा-पांढरा करा, पण पोराला तो रस्सा कुस्ती झाल्यावरच.